बिंबाणू, हृदयातील गुठळी आणि रोजची एक छोटी गोळी

पावसाळा ओसरू लागला, की नाशिकच्या घराघरांत एक शब्द ऐकू येऊ लागतो: प्लेटलेट. डेंग्यूचा ताप आलेल्या नातवाचा रोजचा रक्ताचा अहवाल हाती पडला, की आजी-आजोबा पहिल्यांदा तोच आकडा शोधतात. कोणी पपईच्या पानांचा रस सुचवतो, कोणी किवी घेऊन येतो. आकडा खाली गेला की घरभर चिंता आणि वर चढला की सुटकेचा नि:श्वास. त्यामुळे प्लेटलेट जितक्या अधिक तितके बरे, असा समज आपल्या मनात घट्ट बसला आहे.

त्याच घरात आजोबांच्या औषधांच्या डब्यात मात्र एक छोटी गोळी असते. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून ती रोज घ्यायची असते, आणि तिचे काम असते नेमके याच प्लेटलेटना आवर घालण्याचे. एकाच छताखाली एकाच्या प्लेटलेट वाढाव्यात म्हणून धडपड, आणि दुसऱ्याच्या प्लेटलेट शांत राहाव्यात म्हणून औषध! हा विरोधाभास नीट उमगला नाही, तर आजोबांची गोळी कोणाच्या तरी सल्ल्याने, कशाच्या तरी भीतीने अचानक बंद होते. कधी कधी ती चूक जिवावर बेतते. म्हणून या पेशींची ओळख ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी करून घेणे अगत्याचे आहे.

रक्तातील चिमुकले पहारेकरी

प्लेटलेटना मराठी वैद्यकीय लेखनात ‘बिंबाणू’ असे समर्पक नाव आहे. अस्थिमज्जेतील महाकाय पेशींचे बारीक तुकडे होऊन हे बिंबाणू तयार होतात. त्यांचा व्यास एका मिलिमीटरच्या चारशेव्या भागाच्या आसपास असतो. रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, निरोगी माणसात ते दीड लाख ते साडेचार लाख असतात. त्यांचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे. त्यांना पेशीकेंद्रक नसते. ही बाब आता किरकोळ वाटेल, पण आजोबांची गोळी दिवसातून एकदाच का पुरते, याचे उत्तर तिच्यातच दडलेले आहे.

इटलीतील तुरिन येथील शास्त्रज्ञ जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये बिंबाणूंचे कार्य प्रथम स्पष्टपणे मांडले. जिवंत प्राण्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, जेथे इजा होते तेथे हे कण सर्वांआधी येऊन चिकटतात, असे त्यांना आढळले.

आपल्या स्वयंपाकघरातील उदाहरण घेऊ. विळीवर भाजी चिरताना बोट कापले, की रक्तवाहिनीच्या आतील गुळगुळीत अस्तर फाटते आणि त्याखालचे तंतू उघडे पडतात. वाहत्या रक्तातील बिंबाणू त्या तंतूंना चिकटतात. चिकटताच त्यांचा आकार पालटतो. चपट्या बशीसारखा बिंबाणू काटेरी होतो. मग तो थ्रॉम्बॉक्सेन आणि एडीपी ही दोन रसायने रक्तात सोडतो. त्यांची हाक ऐकून आणखी बिंबाणू धावून येतात, परस्परांचे हात धरावेत तसे फायब्रिनोजेन या प्रथिनाच्या पुलांनी जोडले जातात आणि जखमेच्या तोंडावर बूच बसते. पुढे फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे त्या बुचाला बळकटी देते. काही मिनिटांत रक्त थांबते. ही व्यवस्था नसती, तर विळीचा साधा चरादेखील धोक्याचा ठरला असता.

तीच धाव, पण चुकीच्या जागी

आता हीच घटना हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत घडते अशी कल्पना करा. वयानुसार, तसेच तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे या धमन्यांच्या भिंतीत मेदाचे थर साचत जातात. त्या थरावर तंतूंचे एक पातळ कवच असते. एखाद्या दिवशी ते कवच तडकते. बाहेरून काहीच दिसत नाही, रक्ताचा थेंबही सांडत नाही. पण बिंबाणूंच्या दृष्टीने ती जखमच असते. ते इमानेइतबारे धावून येतात आणि बूच बसवतात. बोटाच्या जखमेवर जे बूच प्राण वाचवते, तेच तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या हृदयधमनीत वाट अडवते. पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासे होते. हृदयाच्या रक्तपुरवठ्याची ही तीव्र तूट, म्हणजेच हृदयविकाराचा झटका.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की “महिन्यापूर्वी तर तपासणी चांगली आली होती, मग झटका कसा आला?” हा प्रश्न अनेक कुटुंबांना पडतो. चालत्या पट्ट्यावरील तपासणीत अरुंद झालेली धमनी ओळखू येते. परंतु तडकणारा थर पुष्कळदा मध्यम आकाराचाच असतो. धमनी हळूहळू अरुंद होण्यास वर्षे लागतात, गुठळी व्हायला मात्र काही मिनिटे पुरतात. दुसरी अशी, की रक्ताच्या अहवालातील प्लेटलेटचा आकडा सामान्य असला म्हणून धोका नाही, असे म्हणता येत नाही. इथे संख्येपेक्षा महत्त्व आहे ते बिंबाणू किती सहज उत्तेजित होतात याला. धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह त्यांना अधिक चिकट करतात. पहाटे झोपेतून उठल्यानंतरच्या काही तासांतही त्यांची चिकटण्याची वृत्ती वाढते. त्यातच थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या, की हृदयरुग्णांनी भल्या पहाटे फिरायला न जाता ऊन पडल्यावर, पुरेसे उबदार कपडे घालून बाहेर पडावे, हे उत्तम.

दोन प्रकारच्या गुठळ्या, दोन वाटा

गुठळीने धमनी पूर्ण बंद केली, की ईसीजीच्या आलेखात एक विशिष्ट रेषा वर उचललेली दिसते. अशा गुठळीत बिंबाणूंच्या बुचावर फायब्रिन आणि लाल पेशींचा मोठा थर चढलेला असतो. १९८० मध्ये अमेरिकेतील डॉ. मार्कस डीवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची अँजिओग्राफी केली, तेव्हा पहिल्या चार तासांत तपासलेल्या शंभरांपैकी सुमारे ८७ जणांत धमनी पूर्णपणे बंद आढळली. येथे उपचाराची घाई म्हणजे वाट मोकळी करण्याची घाई. एक तर अँजिओप्लास्टी, नाही तर स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज यांसारखे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन.

धमनी अर्धवटच बंद झाली असेल, तर ती गुठळी मुख्यत: बिंबाणूंची असते, तिचा रंगही फिकट असतो. येथे ईसीजीत तशी रेषा उचललेली दिसत नाही. रक्तातील ट्रोपोनिनच्या तपासणीतून स्नायूची हानी कळते. या प्रकारात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन उपयोगी पडत नाही, उलट अपाय करू शकते. बिंबाणूंना रोखणारी औषधे, हेपॅरिनसारखी इंजेक्शने आणि आवश्यकतेनुसार अँजिओप्लास्टी हीच येथील वाट. “शेजारच्या काकांना ते इंजेक्शन दिले, आमच्या बाबांना का नाही?” असा प्रश्न दवाखान्याच्या व्हरांड्यात मनात आला, तर त्याचे उत्तर हे आहे.

पहिल्या प्रकारातही इंजेक्शन एकट्याने पुरत नाही. ते विरघळवते फायब्रिनचे धागे. बिंबाणू तसेच जागे राहतात आणि मोकळी झालेली वाट पुन्हा अडवू पाहतात. म्हणूनच प्रत्येक वाटेवर बिंबाणूंना शांत करणारी गोळी सोबत असावीच लागते.

जुन्या औषधाचा नवा जन्म

अ‍ॅस्पिरिनची गोळी आपल्या आजोबांच्या आजोबांनीही डोकेदुखीवर घेतली असेल. १९४० नंतरच्या काळात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स क्रेव्हन या डॉक्टरांच्या लक्षात आले, की टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर अ‍ॅस्पिरिनयुक्त च्युइंगगम खूप चघळणाऱ्यांना रक्तस्राव अधिक होतो. यावरून गुठळी रोखण्यासाठी तिचा उपयोग होईल, असे त्यांनी मांडले; त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी या औषधाची कार्यपद्धती उलगडली. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

निर्णायक पुरावा १९८८ मध्ये मिळाला. ‘आयसिस-२’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याची शंका असलेले १७,१८७ रुग्ण सहभागी झाले. रोज साधारण १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन महिनाभर दिल्याने पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. स्ट्रेप्टोकायनेजने ते २५ टक्क्यांनी, तर दोन्ही एकत्र दिल्याने ४२ टक्क्यांनी घटले. काही पैशांची गोळी आणि महागडे इंजेक्शन जवळजवळ बरोबरीने उभे राहिले, आणि दोघांची जोडी सर्वांत प्रभावी ठरली.

अ‍ॅस्पिरिन बिंबाणूमधील एक विकर कायमचे निकामी करते. त्यामुळे थ्रॉम्बॉक्सेनची हाक उठत नाही. इतर पेशी असे विकर पुन्हा तयार करतात. बिंबाणूला केंद्रकच नसल्याने त्याला ते जमत नाही. गोळी रक्तातून लवकर नाहीशी होते, पण तिचा परिणाम त्या बिंबाणूच्या आयुष्यभर टिकतो. दररोज मज्जेतून साधारण दहावा हिस्सा नवे बिंबाणू येतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशीची गोळी. म्हणजे ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ हे नाव तितकेसे खरे नाही. रक्त जेवढे दाट होते तेवढेच राहते, केवळ बिंबाणूंचा चिकटपणा कमी होतो. “माझे रक्त आधीच पातळ आहे, मग गोळी कशाला?” या शंकेला म्हणूनच आधार नाही.

दुसरी हाक एडीपीची. ती अडवण्यासाठी क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर यांपैकी एक औषध दिले जाते. झटक्यानंतर साधारण वर्षभर अ‍ॅस्पिरिन आणि यांपैकी एक अशी जोडी चालते; रक्तस्रावाचा धोका अधिक असलेल्यांत डॉक्टर हा काळ कमी करतात. ज्येष्ठांसाठी काही बाबी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. प्रासुग्रेल सहसा पंचाहत्तरीनंतर किंवा साठ किलोपेक्षा कमी वजन असल्यास टाळले जाते, आणि पूर्वी पक्षाघात झाला असल्यास ते देतच नाहीत. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यावे लागते. त्याचा परिणाम तुलनेने लवकर ओसरतो, म्हणून संध्याकाळची गोळी विसरून चालत नाही. काहींना त्याने धाप लागल्यासारखे वाटते. घाबरून गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावे. पर्यायी औषध असते.

पहिला तास

छातीत दाब, भार किंवा आवळल्यासारखे वाटणे, वेदना डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणे, दरदरून घाम फुटणे, ही लक्षणे बहुतेकांना ठाऊक आहेत. वृद्धांत, स्त्रियांत आणि मधुमेहींत मात्र छाती न दुखताही नुसती धाप, एकाएकी आलेला थकवा, मळमळ किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ एवढेच जाणवू शकते. ‘पित्त झाले असेल’, ‘गॅस धरला असेल’ असे म्हणत ओवा, सोडा आणि लिंबू-सरबत यांत मोलाचे तास निघून जातात. भारतातील सुमारे एकवीस हजार रुग्णांची नोंद घेणारा ‘क्रिएट’ अभ्यास २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्यास लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता.

नाशिक जिल्ह्यात हा विलंब आणखी जाणवतो. गंगापूर रोडवर राहणाऱ्याला अँजिओप्लास्टीची सोय असलेले रुग्णालय काही मिनिटांवर असते. सुरगाणा, पेठ किंवा कळवणच्या पाड्यावरील कुटुंबापुढे घाटाचा लांबचा रस्ता असतो. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणे शक्य नसेल, तर जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेणे आणि मग शहराकडे निघणे हा मान्य मार्ग आहे. हे इंजेक्शन पहिल्या बारा तासांपर्यंत देतात, पण जितके लवकर तितका लाभ अधिक. “थेट नाशिकलाच नेऊ” हा आग्रह म्हणून नेहमीच शहाणपणाचा नसतो.

अशा वेळी प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला चालवू नये, जिना चढवू-उतरवू नये. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नाही, रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत नाही आणि पक्षाघाताची लक्षणे नाहीत, याची खात्री करून, दूरध्वनीवर डॉक्टरांना विचारून साधारण ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खाण्यास द्यावी. चावल्याने ती लवकर शोषली जाते. जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच, बसूनच घ्यावी. रक्तदाब कमी असल्यास ती घातक ठरते.

गोळी बंद करण्याचे मोह

धमनीत बसवलेला स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. तिच्यावर शरीराचे अस्तर चढेपर्यंत बिंबाणू तिला परकी वस्तूच समजतात. या काळात गोळ्या अचानक थांबल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते आणि ती फार घातक असते. घरोघरी गोळ्या बंद पडण्याची कारणे साधीच असतात.

दात काढायचा असतो. बहुतेक वेळा यासाठी गोळी थांबवण्याची गरज नसते. दंतवैद्यांना स्टेंटची कल्पना द्यावी, ते जागीच रक्त थांबवण्याची तजवीज करतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतही गोळी सहसा चालू ठेवतात. मोठी शस्त्रक्रिया असल्यास ती पुढे ढकलायची की गोळी थांबवायची, हे शल्यचिकित्सक आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते.

हातावर निळे-जांभळे डाग उठतात, दाढी करताना रक्त लवकर थांबत नाही. हे गोळीचे अपेक्षित परिणाम आहेत. ते डॉक्टरांच्या कानावर घालावेत, पण त्यापायी गोळी सोडू नये. काळी, डांबरासारखी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा, एकाएकी तीव्र डोकेदुखी किंवा पडून डोक्याला लागलेला मार, यांपैकी काही झाल्यास मात्र त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

गुडघेदुखीवर दुकानातून आणलेली वेदनाशामके हा आणखी एक सापळा. आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणते, शिवाय अशा औषधांनी पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. लसूण, हळद, जवस यांना स्वयंपाकात अवश्य स्थान द्यावे. गोळीच्या जागी नव्हे.

एकादशी आली, पंढरीची वारी किंवा सप्तशृंगीची यात्रा ठरली, मुलाकडे पुण्याला जायचे झाले, की गोळ्या राहून जातात. उपवासातही औषध घ्यायचेच, आणि प्रवासात आठवडाभराचा जादा साठा जवळ बाळगायचा. खर्चाची अडचण असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही दोन्ही औषधे जनऔषधी केंद्रांत पुष्कळ कमी किमतीत मिळतात.

आणि आता सुरुवातीचा प्रश्न: स्टेंट असलेल्या आजोबांनाच डेंग्यू झाला तर? तापासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावे. रोजच्या हृदयाच्या गोळ्या मात्र गुपचूप बंदही करू नयेत आणि काही न सांगता चालूही ठेवू नयेत. ताप आला त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना स्टेंटबद्दल आणि हृदयरोगतज्ज्ञांना तापाबद्दल कळवावे. प्लेटलेटचा आकडा, स्टेंटला झालेले महिने आणि रक्तस्रावाची चिन्हे पाहून निर्णय तेच घेतील.

ज्यांना झटका आलेला नाही त्यांच्यासाठी

इतके वाचून एखादे सत्तरीचे वाचक म्हणतील, “मग मीही आजपासून रोज अ‍ॅस्पिरिन घेतो.” थांबावे. हृदयविकार नसलेल्या, प्रामुख्याने सत्तरी ओलांडलेल्या १९,११४ व्यक्तींवर ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत झालेल्या ‘अ‍ॅस्प्री’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांचे निरामय आयुष्य वाढले नाही. गंभीर रक्तस्राव मात्र अधिक झाला. ज्याच्या धमनीत जखम झालेली आहे, त्याच्यासाठी बिंबाणूंना आवरणे लाभाचे. ज्याला ती नाही, त्याच्या पहारेकऱ्यांना विनाकारण बांधून ठेवणे तोट्याचे. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून गोळी सुरू करू नये, आणि शेजाऱ्याचे ऐकून ती बंदही करू नये.

हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी एक काम करावे. घरात कोणाला स्टेंट असेल, तर एका कागदावर स्टेंट बसवल्याची तारीख, चालू गोळ्यांची नावे व मात्रा, दुसरी गोळी कधीपर्यंत घ्यायची ते, असलेली अ‍ॅलर्जी आणि हृदयरोगतज्ज्ञांचा दूरध्वनी क्रमांक मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावा. एक प्रत औषधांच्या डब्यात, एक पाकिटात, आणि एक छायाचित्र मुलांच्या मोबाइलमध्ये. दंतवैद्यांकडे, तापाच्या दवाखान्यात किंवा मध्यरात्री रुग्णवाहिकेत तोच कागद आधी पुढे करावा.